माझ्या पोटातल्या शाली

मित्रांनो, लोणखेड्यातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये टांगलेली मी जुनी पंचिंग बॅग आहे. मार खाणे हाच माझा व्यवसाय. तरी गेल्या महिन्याइतकी मी जन्मात घाबरले नव्हते.

मला ताडपत्रीतून शिवले आणि पोटात तापीची वाळू भरली. मला ठोसे मारमारूनच भटूदादा व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये चॅम्पियन झाला, बँकॉकहून विजेत्याचा कमरेचा पट्टा घेऊन आला. शेडच्या भिंतीवर त्याने कोळशाची रेघ ओढली होती. एका ठोशात मी तिला टेकले की म्हणायचा, "तब्येत ठीक शे."

मग एका लढतीत डोक्याला मार बसला. हात थरथरू लागला. डॉक्टर म्हणाले, आणखी एक ठोसा बसला तर माणूस हाती लागणार नाही. भटूदादा घरी बसला. गावोगाव सत्कार झाले, शालींनी ट्रंक बंद होईना. पण रोज तो मला एक ठोसा मारून बघायचा, आणि मी रेघेपर्यंत गेले नाही की त्या दिवशी तो जेवत नसे. त्याच्या बायकोला, प्रमिलाबाईला, ते बघवेना. एका दुपारी तिने माझी वाळू उपसली आणि सत्काराच्या शाली कोंबल्या. दुसऱ्या दिवशी मी अलगद रेघेला टेकले. भटूदादा दोन भाकरी जास्त जेवला.

असे दोन वर्षे चालले. मग यात्रा समितीचे उमाकांतभाऊ आले. "दादा, यात्रेमा तीन राउंड. पोरगं बावीस वरीसनं शे. तुमन्हं नाव आयकीसनच घाबरी जाई."

भटूदादाने मला एक ठोसा मारला. मी टेकले. पोटात शाली असल्यावर काय करणार? तो हो म्हणाला.

मी घाबरले. ठोसा मारल्यावर त्याचा डावा हात चेहरा झाकायला वेळेत परतत नव्हता. हे फक्त मला ठाऊक होते, आणि मला तोंड नाही.

लढतीच्या आदल्या दिवशी सकाळी प्रमिलाबाईने शाली ओढून काढल्या. ती घमेल्याने वाळू ओतत असताना भटूदादा दारात उभा राहिला.

"हाई काय?"

"वाळू भरस. मारा आते."

त्याने मारले. मी हलले नाही. पुन्हा मारले. मी भिंतीसारखी उभी.

"दोन वरीस खोटं?"

"तुम्ही जेवतच नही व्हतात. मी काय करू?"

त्याने शालींचा ढीग पायाने बाजूला सारला. मग त्याने फोन लावला. "उमाकांतभाऊ, मन्हा हात आते चालत नही. दुसरा देखा."

पलीकडून आवाज आला, "मंग सत्काराले तरी या."

मित्रांनो, आपल्या माणसाचा जोर सरला की त्याच्याजवळ बसा, त्याला जेवू घाला, पण खोटे हलून दाखवू नका. मी बॅग आहे, बोलू शकले नाही. तुम्ही बोलू शकता.