समई कुणाची

मैलापूरच्या त्या छोट्या रेडिओ केंद्रात शांततेला बारा सेकंदांची मुदत होती. बारा सेकंद काहीच ऐकू आलं नाही की यंत्राला वाटे, लाईन तुटली. आणि ते आपणहून साठवलेलं वीणावादन सुरू करी. सकाळच्या तालमीत नेमकं तेच झालं होतं.

"मामी, थेट प्रक्षेपणात असं झालं तर कार्यक्रम तिथेच संपला समजा," ड्यूटीवरचे अधिकारी शेषाद्री तमिळमध्ये म्हणाले. "मग दर महिन्याचा अर्धा तास मी वरच्यांकडे कुठल्या तोंडानं मागू?"

केंद्रातल्या सगळ्यांची मामी, वसंता, एकाहत्तर वर्षांची. तंजावरहून आलेल्या मराठी घरातली, विमा कचेरीतून निवृत्त झालेली. आत्याकडून तिला अकरा कथा मिळाल्या होत्या, साक्या-दिंड्यांसकट. लग्नाच्या हॉलमध्ये आता कथेला कुणी बोलवत नव्हतं. सहा वर्षांत ती एकदाही सांगायला उभी राहिली नव्हती. आता रेडिओचा हा अर्धा तासच काय तो उरला होता.

अडचण आत्याच्या नेमाची होती. कथा ऐन भरात आली की सांगणारीनं एक प्रश्न विचारायचा, चिपळ्या खाली ठेवायच्या, साथ थांबवायची आणि गप्प राहायचं. उत्तर ऐकणाऱ्यांतून यायला हवं. सांगणारीनं स्वतः ते द्यायचं नाही. आणि जे उत्तर येईल, त्यावरच कथा पुरी करायची.

"इथे ऐकणारे आहेत कुठे?" व्हायोलिनवाला कार्तिकेय म्हणाला. "भिंतीला तर कापूस लावलाय."

"तूच मग उत्तर दे की रे."

"मला मराठी येत असती तर तुमच्या कथेत झोप आली नसती, मामी."

शेवटी वसंतानं कबूल केलं. यंत्रासाठी एकदा नेम मोडायचा. तीन आकडे मोजून उत्तर आपणच द्यायचं. नाहीतरी उत्तर ठरलेलंच होतं. चाळीस वर्षांत दुसरं आलं नव्हतं.

अकरा वाजता दिवा लाल झाला. टेबलाच्या पलीकडे निवेदिका रंजनी बसली होती. तीही तंजावरी मराठी घरातलीच, पण तिची मराठी आजीबरोबर स्वयंपाकघरात राहून गेलेली. तिनं कागदावरून दोन वाक्यं जपून वाचली, आपल्या मायक्रोफोनचं बटण बंद केलं आणि हनुवटीखाली हात घेऊन ऐकत बसली. अशी कथा ती जन्मात पहिल्यांदा ऐकत होती.

वसंतानं चिपळ्या उचलल्या. एन्नोरच्या खाडीवर एक कोळी होता. वादळात सापडला तेव्हा देवीला म्हणाला, जगलो तर पहिल्या जाळ्यात येईल ते तुझं. जगला. जाळं ओढलं तर आत पितळेची समई, पुरुषभर उंच. पुजारी म्हणाला, नवस बोललास, देवळात आण. सावकार म्हणाला, माझ्या गलबतातून पडली, माझी आहे. कोळ्याची बायको म्हणाली, तीन रात्री काळोखात दारात उभी राहिले ती मी. तिघं भांडत राजापुढे गेली. राजानं सभेकडे पाहिलं.

"सांगा तर," वसंता म्हणाली, "समई कुणाची?"

चिपळ्या खाली. कार्तिकेयानं गज उचलून धरला.

एक, दोन, तीन. वसंतानं तोंड उघडलं आणि शब्द आलाच नाही. घसा ठीक होता, उत्तर जिभेवर होतं. पण इतकी वर्षं ज्या जागी गप्प बसली, त्या जागी बोलायला जीभ उठेना. पाच. काचेपलीकडे शेषाद्री उभे राहिले. सात. त्यांनी हात हलवला. नऊ. वसंताला आत्या दिसली नाही की काही नाही. दिसला तो फक्त भिंतीवरचा सेकंदकाटा.

दहा झाले, अकरा झाले, आणि रंजनीनं बटण दाबलं.

"बायकोची," ती म्हणाली. मग चाचरत, "त्या कोळणीची की."

बारावा सेकंद उलटला. वीणा वाजली नाही.

वसंता तिच्याकडे पाहत राहिली. उत्तर 'देवीची' असं होतं. पुढची पाच मिनिटं, समईची मिरवणूक, देवळातली आरती, सगळं त्या एका शब्दावर बेतलेलं. रंजनीच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की आपण काय केलं याचा तिला पत्ता नाही.

जे उत्तर येईल, त्यावरच पुरी करायची. वसंतानं चिपळ्या उचलल्या.

"राजा म्हणाला, बरोबर! कोळणीची!" ती म्हणाली. मग थोडं थांबून, जपून, पुढे: कोळणीनं समई घरात नेली नाही, विकली नाही. दाराबाहेर वाळूत रोवली. तेल शेजारणींनी वाटून घातलं. पुढच्या वादळात सात नावा वाट चुकल्या, आणि सातही त्या उजेडावर परत आल्या. पुजारी विचारायला आला, देवीचं काय? वसंतानं कार्तिकेयाला खूण केली. आरतीचा राग धरून बसलेला तो निमूटपणे साकीच्या चालीकडे वळला. ओळी तिला गातागाताच सुचल्या.

*दारीं लावुनि समई बसली कोळिण वाटा पाहे,*
*ज्योत देखुनी नाव किनारी, देवी सोबत आहे.*

दुसरी ओळ तिनं तीनदा घेतली. उरलेली दोन मिनिटं त्यातच गेली.

लाल दिवा विझला. शेषाद्रींना मराठीचा एक शब्द कळत नव्हता. त्यांनी नोंदवहीत लिहिलं: शांतता अकरा सेकंद, व्यत्यय नाही. मग वहीतून मान वर न करता विचारलं, "पुढच्या महिन्यात कुठली कथा लिहू?"

वसंता उत्तर देणार तोच तिचा फोन वाजला. तिरुवल्लिकेणीहून गुंडोअण्णा. तिचा चुलतभाऊ, शहाऐंशी वर्षांचा; चाळीस वर्षं तिच्या कथेला मृदंग धरलेला.

"वसंता, मी इथे बोंबलतोय, देवीची, देवीची! तुज ऐकू येत नव्हतं का गे?"

"अण्णा, रेडिओ तिकडून बोलतो. इकडचं ऐकत नाही."

"आणि हॉलमध्ये कोण ओरडायचं, ठाऊक आहे? मीच. मृदंगामागून. लोक कुठले बोलतात! त्यांचं ध्यान जेवणाच्या पानावर."

वसंता खुर्चीत बसली. चाळीस वर्षांतलं ते एकच उत्तर.

"ती पोर कोण?" अण्णांनी विचारलं. "बायकोची म्हणे!"

"इथलीच आहे. चुकलं का तिचं?"

"साकी बरी होती," अण्णा म्हणाले.

रंजनी दारात उभी होती. "मामी, मी चुकीचं बोलले का? खरं उत्तर काय होतं? आणि पुढच्या वेळचा प्रश्न आधी सांगाल का? मी तयारी करून येईन."

"नाही सांगणार," वसंता म्हणाली. "तू फक्त समोर बस."