छत्तीस एफुआ मेन्सा

"एकोव, बाई हातची चाललीय हो माझी!" सिस्टर आबा खिडकीतून ओरडली. "चिठ्ठी द्या!"

"येतेय चिठ्ठी, येतेय," एकोव क्वान्सा म्हणाला. पडद्यावर गोल चकती फिरत होती. नऊ मिनिटं झाली होती.

केप कोस्टच्या त्या इस्पितळात नवा नियम आला होता: कॉम्प्युटरची चिठ्ठी असेल तरच रक्ताची पिशवी. नियम मोठ्या डॉक्टरांचा, कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम एकोवचा. पेशंट, तपासण्या, पिशव्या आणि फ्रिज असे चार तक्ते जोडून तो सांगायचा, कोणाला कुठलं रक्त, कुठल्या फ्रिजमधलं. सुरुवातीला दोन सेकंदांत सांगायचा. पेशंट वाढले तसा तो विचारवंत झाला. कालच एकोवनं नावांच्या रकान्यावर इंडेक्स, म्हणजे झटपट शोधायची सूची, बसवला होता आणि मोठ्या डॉक्टरांना छातीठोकपणे सांगितलं होतं, "आता पळेल बघा."

"पळतंय तर!" आबा म्हणाली. "एवढ्यात माझ्या आजीनं फुफू कांडून, खाऊन, भांडीसुद्धा घासली असती. एफुआ मेन्सा, बाळंतीण, रक्त थांबत नाही. एवढंच विचारलंय ना तुमच्या डब्याला?"

"नाव दिलंय की त्याला!"

"नाव काय चाटायचंय? आमच्या एका वॉर्डात तीन एफुआ मेन्सा आहेत."

एकोवनं माउस सोडला.

शुक्रवारी जन्मली की एफुआ. वारावरून मुलींची सात नावं, मुलग्यांची सात. अख्खं गाव चौदा नावांत बसतं, त्यातलं निम्मं मेन्सा. आणि त्यानं तक्ते जोडले होते नावावर! छत्तीस एफुआ मेन्सा, प्रत्येकीला छत्तिसांच्या तपासण्या, प्रत्येक तपासणीला फ्रिजमधल्या झाडून सगळ्या जुळत्या पिशव्या. त्यावर इंडेक्स म्हणजे भरबाजारात 'इथे माणसं आहेत' अशी पाटी.

"कार्डाचा नंबर! नंबर सांगा!"

आबानं तळहातावर लिहिलेला नंबर वाचला. एकोवनं आधी ती एकच बाई वेगळी काढली, मग नंबरावर तक्ते जोडले. तीनदा टायपायला चुकला. चौथ्यांदा बटण दाबलं, तर बोट उचलायच्या आत चिठ्ठी बाहेर. ओ पॉझिटिव्ह, दुसरा फ्रिज. आबा पळाली.

तेवढ्यात पडद्यावर बाजूच्या चौकटीत जुन्या जोडणीचं उत्तर आलं. पहिलीच ओळ: एफुआ मेन्सा, ए पॉझिटिव्ह. दुसऱ्याच एफुआचा गट, आणि चिठ्ठीवर पहिलीच ओळ छापली जायची.

एकोव खुर्चीत बसला. बसलाच होता, तरी पुन्हा बसला.

दुपारी आबा हसत आली. "वाचली बाई! मुलगी झाली. गुरुवारची, म्हणजे आबाच. घ्या, अजून एक आबा मेन्सा!"

"सिस्टर, पिशवी देण्याआधी लॅबवाले रक्त जुळवून बघतात ना?"

"बघतात की."

"नेहमी?"

"घाई नसली की." आबाचं हसू तिथंच थांबलं.

मोठे डॉक्टर माल्टच्या सरबताची गार बाटली घेऊन आले. "एका सेकंदात! शाबास, एकोव! अक्राच्या मुख्य ऑफिसला कळवतो मी." पाठ थोपटून ते गेलेसुद्धा.

एकोवनं टेबलाखालून चार महिन्यांच्या जुन्या चिठ्ठ्यांचा खोका ओढला. सगळ्यात वर: कोफी मेन्सा, बी पॉझिटिव्ह. नंबराची जागा कोरी: हीपण नुसत्या नावावर काढलेली. त्याखाली अजून एक कोफी. तोही कोरा.

बाटली तशीच ठेवून, खोका काखोटीला मारून तो लॅबकडे निघाला. व्हरांड्यात बाकांवर पेशंट दाटीवाटीनं बसले होते. कोणीतरी हाक मारली, "कोफी!" अकरा माना वर झाल्या.

एकोव थांबला. एकेका चेहऱ्याकडे नीट बघत राहिला.