हळद लावलेलं माकूळ

आमचे हे, म्हणजे नवल सर, धुळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवतात आणि मी त्याच शाळेत मराठी. माकूळ हा समुद्रातला प्राणी यांनी सगळा जन्म तक्त्यावरच शिकवला. तीन हृदयं, निळं रक्त, पिसांसारखे कल्ले, शाईची पिशवी. पोरं पाठ करायची, पेपरात लिहायची आणि विसरायची. शनिवारी निवृत्तीआधीचा यांचा शेवटचा तास. "एकदा तरी पोरांनी खरं माकूळ हातात घ्यावं," एवढाच हट्ट. सुरतेला नोकरी करणारा यांचा जुना विद्यार्थी किरण, त्याने बर्फाच्या डब्यात माकुळं पाठवली.

डबा आला शुक्रवारी संध्याकाळी, शाळा सुटल्यावर. आमचं घर माळकरी. अंडंसुद्धा कधी उंबऱ्याआत आलं नाही, आणि आता माझ्या फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या शेजारी, ही ब्याद! मी भरपूर आदळआपट केली. मग यांचा चेहरा पाहिला आणि कोथिंबीरच बाहेर काढली.

वर्गातही रडगाणं होतंच. "कापणार नाही सर, पाप लागतं," असं निम्म्या पोरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. ललिता तर गळ्यातली तुळशीची माळ मुठीत धरून म्हणाली होती, "मी बाहेर उभी राहीन."

शनिवारी सकाळी अंघोळ करून येते तो काय, आमच्याकडे भांडी घासणारी भिकुबाई ओट्याशी उभी. परातीत माकुळं. पोटं रिकामी, हळद-मीठ चोळून पिवळीधमक!

"भिकुबाई, काय केलंस हे?"

"बाई, सर रिटायर व्हयी राहिनात ना, माले वाटनं पाव्हणासाठे मच्छी आनेल शे. बठ्ठं साफ करी टाकं. पोटमा पिलास्टिक बी व्हतं, ते काढं."

ते प्लास्टिक म्हणजे माकुळाच्या पाठीतली पारदर्शक पट्टी, त्याचा कणाच म्हणा ना. माझं डोकं फिरलं. यांची जन्माची हौस, आणि हिने फोडणीची तयारी करून ठेवली! मी तोंड सोडलं. बिचारी पदराला हात पुसत रडायला लागली.

हे आले. परातीकडे पाहिलं आणि स्टुलावर बसले. आता हेही रडतात की काय, असं मला वाटलं. पण यांनी हळूच विचारलं, "भिकुबाई, पोटातलं कुठे टाकलं?"

"मांजरसाठे पातेलामा झाकी ठेयेल शे."

हे एकदम उठले. पातेलं घेतलं, परात माझ्या हातात दिली आणि भिकुबाईला म्हणाले, "चल तूही."

वर्गातल्या टेबलावर एकीकडे पिवळी माकुळं, एकीकडे पातेलं. वर्ग नाक दाबून बसलेला.

"आपल्याला काहीच कापायचं नाही," सर म्हणाले. "याच्या पोटातलं निघालंय, ते त्याला परत द्यायचं. तक्ता बघा आणि जिथलं तिथे ठेवा."

कुणी हलेना. शेवटी बाक वाजला. ललिता उठली होती.

"परत ठेवलं तर पाप नाही ना, सर?"

"परत देण्यात कसलं आलंय पाप?"

तिने ती पारदर्शक पट्टी उचलली आणि अलगद एका माकुळाच्या पाठीत सरकवली. मग मात्र झुंबड उडाली. कल्ले कुठले, जठर कुठलं, यावरून भांडणं जुंपली. अख्खी उरलेली एकमेव शाईची पिशवी पिंटूने शर्टावर फोडून घेतली. ललिताच्या माकुळात कल्ल्यांच्या बुडाशी दोन हृदयं बसली, पण मधलं, सगळ्या अंगाला रक्त पुरवणारं, काही सापडेना. सगळी डोकी पातेल्यात. दारात भिकुबाईने पदर तोंडाला लावलेला.

"हे का, सर?" ललिताच्या बोटावर फिकट, इवलंसं काहीतरी होतं.

सरांनी होकारार्थी मान हलवली. मी डोळे पुसले.

ललिताने ते मधोमध ठेवलं. तिची बोटं पिवळी झाली होती. बराच वेळ ती वाकून बघत राहिली.

"सर, सगळं जागच्या जागी आहे ना?"

"अगदी."

"मग ते सुरू का होत नाही?"

यांनी चष्मा काढला. इतक्या वर्षांत हे विचारणारं कुणी भेटलं नव्हतं.

"मला नाही माहीत, ललिता," सर म्हणाले. "तुला कळलं की घरी येऊन मला सांग."

घंटा झाली. एकही पोर टेबलापासून हललं नाही.