पेटीची पुढची कडी

बायको, आनेग्रेट, गेल्याचं सांगायला गिसबर्ट माझ्या दारात आला, तेव्हा त्याला बेल सापडेना. बेल माझ्या लग्नापासून त्याच जागी आहे आणि तो जन्मला शेजारच्याच घरात.

आमच्या गावात कुणी गेलं की घरचे फक्त पहिल्या शेजाऱ्याला, म्हणजे लगतच्या घराला, कळवतात. घरोघरी निरोप, चर्चनंतरची कॉफी हे पुढचं सगळं तो बघतो. शवपेटी शेजारी उचलतात आणि पुढची उजवी कडी पहिल्या शेजाऱ्याची. घरच्यांनी पेटीला हात लावायचा नाही, मागून चालायचं.

गिसबर्टला सगळा देश ओळखायचा. दूध संघातला कारकून, मग गावचा महापौर, मग थेट बर्लिनला मंत्री. दर निवडणुकीला माझा नवरा अलोईस शिडी घेऊन त्याची पोस्टरं दिव्याच्या खांबांवर बांधायचा. "आपला माणूस आहे," म्हणायचा. हा आपला माणूस रविवारी टीव्हीवर दुसऱ्या कुणाला तोंड उघडू द्यायचा नाही, आणि अलोईस खूश. एकदा म्युन्स्टरच्या सभेत गिसबर्टनं माझा हात दोन्ही हातांत धरून हसत विचारलं, "छान! आपण कुठून आलात?" मागे रांग होती, मी पुढे सरकले. अलोईसला हे कधी सांगितलं नाही. उगाच त्याची शिडी जड झाली असती.

अलोईस गेला तेव्हा आनेग्रेटनं बर्लिनला फोन केला. गिसबर्ट येतो म्हणाला. मग कुठलीशी मुलाखत निघाली आणि त्याच्याऐवजी मंत्रालयाची रुंद फीत लावलेलं पुष्पचक्र आलं. पुढच्या कडीपाशी कुणीच नव्हतं. आमच्याकडे बायका पेटी उचलत नाहीत. आनेग्रेटनं हातमोजे काढून पर्समध्ये ठेवले आणि कडी धरली.

पुढे सरकार पडलं, टीव्हीवर नवे चेहरे आले आणि गिसबर्ट घरी परतला. बायकोसोबत त्याला जेमतेम एक हिवाळा मिळाला.

आता तो माझ्या स्वयंपाकघरात टोपी हातात धरून बसला होता.

"मेश्टिल्ड," तो म्हणाला, "पुढची कडी मी धरतो. अलोईसच्या वेळी मी यायला हवं होतं. ती माझी जागा होती."

"होती. पण ती शेजाऱ्याची जागा आहे, गिसबर्ट. आज तू घरचा आहेस. तू मागून चालायचं."

हे त्याला एकदा ऐकवायचं, असं कितीतरी वर्षं मनात होतं. ऐकवलं, आणि वाईट मलाच वाटलं. मी त्याच्यापुढे कॉफी ठेवली, कोट चढवला आणि घरोघरी निरोप द्यायला निघाले. प्रत्येक दारात लोक आनेग्रेटसाठी रडले. गिसबर्टबद्दल कुणी विचारलं नाही.

दफनाच्या दिवशी सगळी गल्ली आली. मी हातमोजे काढले आणि पुढची उजवी कडी धरली. आम्ही चालू लागलो.

तो मागून येत होता. इतक्या वर्षांत कुणाच्या मागून चालायची त्याला सवयच राहिली नव्हती. भरभर पुढे यायचा, पेटीवर आदळायचा आणि हळूच म्हणायचा, "माफ कर, आनेग्रेट."