शेजारचा मोडेम आणि मी

मित्रांनो, मी कीलुंग बंदरातल्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावरचा जुना राउटर आहे. माझी एक अँटेना चिकटपट्टीने बांधलेली आहे.

कॉलेजात असताना वेइयुनने मला आणले. माझी फायरवॉल, म्हणजे बाहेरच्यांना अडवणारा पहारा, लावताना ती म्हणाली, "अनोळखी कुणालाही आत घ्यायचं नाही हं!" मोडेमची तब्येत दाखवणाऱ्या त्याच्या पानाकडे जाणारी वाटही तिने बंद केली. तो माझ्या शेजारीच असे. त्याच्यामार्फत सारे जग घरात येई, पण खुद्द त्याची खबर घरातल्या कुणालाच मिळत नसे.

पुढे वेइयुनची आई गेली. वेइयुन लग्न होऊन दूर काओशुंगला राहायला गेली. घरात उरले तिचे वडील, लाइ बाबा, आणि आम्ही दोन डबे. संध्याकाळी माशांच्या गोळ्यांचे सूप निवत ठेवून बाबा तिला व्हिडिओ कॉल लावत. ती वेळ झाली की मलाही बरे वाटे.

एका वादळानंतर कॉल मध्येच तुटू लागले. बाबा काळ्या पडद्याकडे बघत बसायचे. "कामात असेल बिचारी," असे स्वतःशीच म्हणायचे. हळूहळू त्यांनी कॉल लावणेच सोडले. शेजारचे लुओ काका म्हणाले, "फेकून दे तो राउटर, म्हातारा झालाय." बाबा म्हणाले, "म्हातारा तर मीही झालोय!"

अखेर वेइयुन स्वतःच आली. घरातले इंटरनेटच अडखळतेय हे पाहून लॅपटॉप उघडून कपाळाला आठ्या घालून बसली.

"बाबा, मोडेमचं पानच उघडत नाहीये."

"मुका आहे का तो?"

"मुका कसला! मीच मध्ये पहारा बसवलाय."

तिने माझ्यात एक नवा नियम लिहिला. घरातून मोडेमपर्यंत जाता येईल, बाहेरून मात्र कुणी आत येणार नाही. पान उघडले. बाहेरून येणारा सिग्नल अगदी क्षीण होता. तिने बोलावलेल्या इंटरनेट कंपनीच्या कामगाराने गॅलरीतली तार तपासली. तिच्या जोडात पाणी शिरले होते. त्याने ती बदलली.

बाबा हळूच म्हणाले, "म्हणजे तू कॉल कापत नव्हतीस?"

"मी? मला वाटलं, तुम्हीच रागावलात!"

 मग बाबांनी सूप पुन्हा गरम केले.

दुसऱ्या दिवशी ती गेली. मित्रांनो, दारे नीट लावा, पण शेजारच्याला "बरा आहेस ना?" असे विचारण्यापुरती वाट मोकळी ठेवा. आमच्याकडे कॉल आता तुटत नाहीत. ते संपतात. मग बाबा दिवा मालवतात, आणि अंधारात माझा हिरवा ठिपका तेवढा जागा राहतो.