सोबत्याची सही

कवळीवाल्याची जागतिक स्पर्धेसाठी निवड झाली याचं मुख्य कारण म्हणजे दुसऱ्याची सायकल पंक्चर झाली. पन्नाशीपुढच्या गटात त्याच्या शहरात एकूण दोनच वेडे होते. त्यातला बरा वेडा नऊ किलोमीटरवर टायर धरून बसला आणि हा पहिला आला. क्लबानं त्याला एक टोपी दिली आणि टोपीबरोबर फोटो काढून टोपी परत घेतली.

अठ्ठावीस वर्षं तो दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवत होता, म्हणून क्लबात त्याला सगळे कवळीवालाच म्हणत. खेळ असा की आधी तळ्यात दीड किलोमीटर पोहायचं, मग डोंगरातल्या धोंड्यांतून तीस किलोमीटर सायकल हाणायची आणि उरलंसुरलं शरीर घेऊन रानातून दहा किलोमीटर धावायचं. हाच प्रकार गुळगुळीत रस्त्यावरही करता येतो; पण त्यात हाडं मोडायची शक्यता कमी असल्यामुळे खऱ्या दर्दी माणसाला त्यात रस नसतो.

बायको आठ महिन्यांपूर्वी चार दिवसांसाठी बहिणीकडे गेली होती. ते चार दिवस अजून संपले नव्हते. भांडण असं काही झालं नव्हतं. भांडायलाही दोन माणसं एका वेळी घरात आणि जागी असावी लागतात. तेव्हापासून पहाटे साडेचारला उठायला त्याच्याकडे हे एकच कारण उरलं होतं. ही स्पर्धा झाली की पुढे कशासाठी उठायचं, हे त्यानं अजून ठरवलं नव्हतं.

दोन गाड्या आणि एक बस बदलून, सायकलीचं खोकं फ्रिजसारखं कवटाळून तो बुधवारी त्या डोंगराळ गावात उतरला. हॉटेलच्या खोलीत दोन पलंग होते. डावीकडच्यावर तो झोपला, उजवीकडच्यावर त्यानं पोहण्याचा अंगभर रबरी पोशाख हात-पाय पसरून ठेवला. सकाळी जाग आल्यावर क्षणभर त्याला बरं वाटलं.

गुरुवारी तो नोंदणीला गेला. नोंदणीवाल्या बाई चष्म्यावरून बघणाऱ्या जातीच्या होत्या.

"सोबती कुठे आहेत?"

"एकटाच आलोय."

"इथे तर 'पत्नी' लिहिलंय."

"ते मागच्या वर्षीच्या फॉर्मवरून उतरवलं."

हे खरं होतं. सव्वीस वर्षं घरातले सगळे फॉर्म बायको भरत होती. या वर्षी प्रथमच त्याच्यावर वेळ आली, तेव्हा त्यानं खणातून तिनं भरलेला जुना फॉर्म काढला आणि अक्षर न् अक्षर उतरवून काढला. धंद्याची सवय. समोर साचा असला की कवळीवाला विचार करत नाही.

"सोबत्याशिवाय पाण्यात उतरता येत नाही. नियम सात," बाई म्हणाल्या. "दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ पोहता पोहता गायब झाले. तीन होड्या, दोन पाणबुडे, एक हेलिकॉप्टर. सापडले तेव्हा पलीकडच्या काठावर आम्लेट खात होते. तेव्हापासून प्रत्येकानं आपला माणूस आणायचा. त्यानं दोरीमागे उभं राहायचं, तुम्ही बाहेर आलात की सही करायची."

"आणि माणूस नसला तर?"

"शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत बदलता येईल. सोबत्यानं स्वतः येऊन सही करायची."

"आणि नाहीच मिळाला?"

"तर प्रेक्षक म्हणून स्वागत आहे. प्रवेश मोफत."

बाहेर पायरीवर बसून त्यानं बायकोला फोन लावला. पाचव्या रिंगला तिनं उचलला.

"अगं, तुझं नाव लिहिलं गेलंय."

"कुठे?"

"स्पर्धेच्या फॉर्मवर. सोबती म्हणून."

"मला न विचारता?"

"आधी तरी कुठे विचारत होतो?"

"तेच म्हणतेय मी."

मग, पानावर आणखी थोडा भात वाढशील का, अशा सुरात त्यानं विचारलं, "येतेस का?"

"सुट्टी नाही. आणि..." आणिच्या पुढे ती गेली नाही. "नाव खोड माझं. पेनानं खोड, पेन्सिलीनं नको."

दुपारी करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तो गावची प्रेक्षणीय स्थळं बघायला निघाला. स्थळं तीन होती. कुलपांच्या संग्रहालयाला कुलूप होतं. पाटीच्या दगडाची जुनी खाण पाण्यानं भरली होती, तेच स्पर्धेचं तळं. तिसरं म्हणजे डोंगरावर नेणारा तारेवरचा पाळणा. एकेका पाळण्यात दोन माणसं बसत. एकटं कुणी आलं की पाळणा कलंडतो, म्हणून पाळणेवाला शेजारी वाळूची गोणी बसवायचा आणि तिलाही पट्टा बांधायचा.

"गोणीचं तिकीट नाही," तो म्हणाला. कवळीवाल्याला हा विनोद आहे की माहिती, हे कळलं नाही.

पाळणा वर चढत गेला. खाली काळपट छपरं, मध्येच हिरवं तळं आणि मागे देवदारांचं रान दिसायला लागलं. रविवारची सायकलवाट रानातून खरचटल्यासारखी गेली होती. "काय दिसतंय ना," कवळीवाला सहज म्हणून गेला, आणि मग त्यानं गोणीकडे न बघता चष्मा पुसला.

वर एक हडकुळे म्हातारे गृहस्थ तिथल्या माणसाला झापत होते. "बाबा रे, पुली रडतेय तुझी! ऐकू येत नाही का? मला बहिऱ्याला ऐकू येतंय!" बोलताना त्यांची खालची कवळी जागची हलत होती, हे कवळीवाल्याच्या पहिल्या फटक्यात लक्षात आलं. हे काका निवृत्त लिफ्ट दुरुस्तीवाले होते. वय अडुसष्ट. उतरताना वरच्या पाळणेवाल्यानं दोघांना एकत्र बसवलं आणि गोणी वरच ठेवून घेतली.

"स्पर्धेला आलात?" काकांनी विचारलं. "मीही. साठीपुढचा गट, शनिवारी. तुमचा रविवारी ना? कोण आलंय बरोबर?"

"कुणी नाही."

"माझंही कुणी नाही! मुलीला कळवलं नाही, नाहीतर ती सायकलच विकून टाकेल. त्या चष्मेवाल्या बाईनं मलाही नियम सात वाचून दाखवला." काका क्षणभर तळ्याकडे बघत राहिले. "मग अडलंय कुठे? शनिवारी तुम्ही माझे, रविवारी मी तुमचा."

संध्याकाळी दोघांनी सह्या केल्या. नात्याच्या रकान्यात काकांनी "शेजारी" लिहिलं.

"कुठले शेजारी?" बाईंनी विचारलं.

"पाळण्यातले."

बाईंनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

शुक्रवारी काका दिवसभर झोपणार होते. स्पर्धेआधी शरीर बंद करून ठेवायचं असतं, असं त्यांचं लिफ्टवरून बनलेलं मत होतं. कवळीवाला एकटाच सायकलवाट पायी चालून आला. प्रत्येक अवघड वळण त्यानं तोंडपाठ केलं. एकोणिसाव्या किलोमीटरला झऱ्याकाठी मोठा निसरडा धोंडा होता, त्याला त्यानं हातही लावून पाहिला. काकांना सांगायला हवं, असं त्यानं मनाशी म्हटलं. रात्री खाणावळीत वाढप्यानं विचारलं, "अजून कुणी यायचंय?" आणि उत्तराची वाट न बघता समोरची ताटली, ग्लास, काटा आणि चमचा उचलून नेला. टेबल एकदम फार मोठं झालं. त्या गडबडीत धोंडा राहून गेला.

शनिवारी दुपारी एक वाजता तळ्याकाठी काकांनी त्याच्या हातात दोन डब्या ठेवल्या. एकीत कानाचं यंत्र, दुसरीत कवळी.

"सांभाळा हं, डॉक्टर."

"मी डॉक्टर नाही."

"काय?"

यंत्र डबीत होतं. बोलण्यात अर्थ नव्हता.

त्यानं झाकण उघडून कवळी पाहिली आणि कुणा अनोळखी कारागिराची त्याला मनापासून लाज वाटली. मग शिट्टी झाली आणि शंभरेक नारिंगी टोप्या पाण्यात घुसल्या.

अकरा वर्षं तो पाण्यात होता. काठावर तो प्रथमच उभा होता. इथे वेगळंच गाव वसलं होतं. घडीच्या खुर्च्या, थर्मास, विणकाम. अनुभवी सोबती मांडीवर टॉवेल उबवत बसले होते. त्याच्याकडे खुर्ची नव्हती. पाच मिनिटांत सगळ्या टोप्या एकसारख्या झाल्या आणि काका कुठले, हे कळेनासं झालं. चाळीस मिनिटं तो चवड्यांवर उभा होता. माणसं बाहेर येत होती आणि त्यातलं कुणीही काका नव्हतं. काका शेवटून दुसरे आले. त्यांचं बोळकं हसू पाहून त्यानं घाईघाईत सही ठोकली.

"यंत्र! दात!" तो ओरडला.

काकांनी हातानंच नको म्हटलं, दोन्ही डब्या त्याच्या खिशात कोंबल्या आणि ते सायकलवर बसून रानात गेले.

सव्वातीनला भोंग्यावरून त्याला प्रथमोपचाराच्या तंबूत बोलावणं आलं. एकोणिसाव्या किलोमीटरचा धोंडा. मानेखालचं गळपट्टीचं हाड मोडलं होतं. डॉक्टरीण काकांना काहीतरी विचारत होती, काका तिला भलतंच काहीतरी सांगत होते, आणि ते कुणालाच कळत नव्हतं, कारण दात आणि कान दोन्ही कवळीवाल्याच्या खिशात होते. त्यानं आधी कान लावून दिला, मग दात.

"तुम्ही जा," कवळी बसताच काका म्हणाले. "सहाच्या आत दुसरा माणूस गाठा. मी काही उद्या उभा राहत नाही. हे मला सोमवारपर्यंत कोंडणार."

रुग्णवाहिकेच्या चालकानं दार धरलं होतं. "येणार का कुणी बरोबर? इस्पितळ तासाभरावर आहे."

कवळीवाल्यानं घड्याळ पाहिलं. एक तास जायला, एक यायला. मधल्या वेळात परक्या गावात रविवारी सकाळी रिकामा असलेला एक माणूस शोधायचा. हिशोब अगदी सोपा होता.

"तो धोंडा मी काल पाहिला होता," तो म्हणाला.

"मग?"

"सांगायला विसरलो."

"मी ऐकलं असतं असं वाटतं का तुम्हाला?" काका म्हणाले.

तो चढला आणि त्यानं दार ओढून घेतलं.

सहा वाजले तेव्हा काकांचा एक्स-रे चालू होता. सहा वाजून दहा मिनिटांनी त्यानं नोंदणीच्या बाईंना फोन करून पाहिला. "सहा वाजले," बाई म्हणाल्या. एवढंच. इस्पितळानं कळवल्यावर सातला काकांची मुलगी आली. तिनं आधी वडिलांना झाडलं, मग कवळीवाल्याचे हात धरून आभार मानले. खोलीत पाहुण्यांसाठी एकच खुर्ची होती. ती त्यानं तिला दिली आणि तो बाहेर पडला.

बसथांब्यावर बसून त्यानं बायकोला फोन लावला. या वेळी तिनं दुसऱ्या रिंगला उचलला.

"काय झालं?"

"काही नाही. एक विचारायचं होतं. मी पोहत असताना तू काठावर काय करायचीस?"

"डोकी मोजायचे," ती म्हणाली.

"कुणाची?"

"सगळ्यांची. तुझं कुठलं ते कधी कळायचंच नाही. म्हणून सगळीच मोजायचे. जितकी गेली तितकी बाहेर आली, की त्यात तूही असणार."

"अकरा वर्षं?"

"अकरा वर्षं. तू बाहेर येऊन वेळ विचारायचास. किती मिनिटं लागली, एवढंच."

बस आली. तो चढला नाही. चालकानं थोडी वाट पाहिली आणि बस गेली.

"उद्या किती वाजता आहे?" तिनं विचारलं.

"उद्या नाही. माझा सोबती पडला."

"लागलं का फार?"

"त्याला? हाड मोडलं."

"बरं," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "जेवलास?"

"हो," तो म्हणाला. तो जेवला नव्हता, आणि तिनंही ते ओळखलं असावं, पण खोदून विचारणं आता तिचं काम उरलं नव्हतं. "ठेवते मग," ती म्हणाली.

परतीचं तिकीट सोमवारचं होतं. रविवारी सकाळी तो प्रेक्षक म्हणून तळ्यावर गेला. प्रवेश खरोखरच मोफत होता. भोंगेवाल्यानं जाहीर केलं, "पन्नाशीचा गट! एकशे अठरा स्पर्धक!" निळ्या टोप्या पाण्यात घुसल्या. कवळीवाला दोरीमागे खुर्चीवाल्यांच्या मधोमध जाऊन उभा राहिला. त्याचं इथे कुणी नव्हतं. आपला माणूस ओळखू आला नाही की वाईट वाटतं, तीही सोय नव्हती. त्यानं पहिली टोपी बाहेर आल्यापासून मोजायला सुरुवात केली.

साठाला त्याच्या लक्षात आलं की तो ओठ हलवतोय. शंभरानंतर माणसं तुरळक येऊ लागली. एकशे दहाव्या बाईला पेटका आला होता, तिला दोघांनी धरून आणलं. एकशे सोळा. मग बराच वेळ कुणी नाही. एकशे सतरा. सोबत्यांनी खुर्च्या मिटल्या. होड्या काठाकडे वळल्या. पाण्यावर काहीही नव्हतं.

त्यानं आणखी एक मिनिट वाट पाहिली. मग तो दोरीखालून वाकून नोंदणीच्या टेबलाकडे पळत सुटला.

"बाई, एक कमी आहे! होड्या परत पाठवा! एकशे सतराच आलेत!"

बाईंनी यादीवर बोट फिरवलं. दोनशे चेहरे दिवसाकाठी बघणाऱ्या माणसाला एखादा चेहरा आठवत नाही, त्यात नवल नाही.

"घाबरू नका. हा बघा. चारशे बारा. नाव कालच्या यादीतून काढायचं राहून गेलंय. पाण्यात उतरलाच नाही."

चारशे बारा हा त्याचाच नंबर होता.

"नक्की?" त्यानं विचारलं.

"नक्की. सकाळी आलाच नाही."

"त्याच्या घरी कळवलं का?"

"ते आमचं काम नाही. सोबत्यानं कळवायचं असतं."

"त्याचा सोबती इस्पितळात आहे."

"मग तुम्हीच कळवा," बाई पुढच्या कागदाला शिक्का मारत म्हणाल्या. "ओळखता ना त्याला?"

"थोडंफार," कवळीवाला म्हणाला.