सळईला लागलेला खडा

मी एक सळई आहे. वीतभर लांब, पोलादाची, वरून निकेलचा मुलामा दिलेली आणि टोकाशी वाकडी. लेकराच्या मूत्राशयात खडा आहे की नाही, ते आत शिरून चाचपायचं, हा माझा धंदा. माझ्या कामाचं नाव काढलं की माणसं मान फिरवतात. पण ज्याचं पोर लघवीला बसलं की किंचाळतं, त्याला लाज परवडत नाही.

विलायतेतल्या एका कारखान्यात मी घडले, मुंबईला आले, आणि तिथून डॉक्टर देशनूरकरांनी मला बेळगावला आणलं. बेळगावातल्याच शहापुरात त्यांचा सहा खाटांचा दवाखाना होता. किती लेकरं माझ्या टोकाखालून गेली, आठवत नाही. त्यातला कुंथुनाथ मात्र आठवतो, आणि त्याच्याहून जास्त त्याचा बाप बाबगोंडा. इतका संशयी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

एकोणीसशे एकतीस सालची गोष्ट. बाबगोंडाचा निपाणीजवळ तंबाखूचा मळा होता. पोरगा सहा वर्षांचा. वर्षभर त्याची लघवी मधेच तटकन तुटायची. मग तो पोटावर पडायचा, गडबडा लोळायचा, आणि जरा अंग फिरलं की पुन्हा धार लागायची. दुखऱ्या जागेला सारखा हात लावायचा, ओढायचा. ही वाईट खोड आहे असं समजून बाबगोंडानं त्याला दोनदा फोडून काढलं. मार देऊन भागेना, तेव्हा त्याचा संशय थोरल्या भावाच्या बायकोवर, पद्मावतीवर गेला. तिनंच काहीतरी करणी केली असणार.

ही पद्मावती लग्न होऊन घरात आली तेव्हा बाबगोंडा आठ वर्षांचा होता. त्याला न्हाऊमाखू तिनंच घातलं. पण भावाभावांच्या वाटण्या झाल्या, विहिरीकडचा तुकडा थोरल्याकडे गेला, आणि त्या दिवसापासून वहिनीचं हसणंसुद्धा बाबगोंडाला वाकडं दिसू लागलं.

मग गावात एक फिरता माणूस आला. शिंग लावून पोटातला खडा ओढून काढतो म्हणाला. त्यानं कुंथुनाथच्या ओटीपोटावर शिंग लावलं, तोंडानं ओढलं आणि तळहातावर खडा थुंकून दाखवला. घरात आनंद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगा पुन्हा किंचाळला. बाबगोंडानं तो खडा उन्हात नेऊन नीट पाहिला. गावाजवळच्या वेदगंगा नदीच्या पात्रात असले खडे पायाखाली रुततात. तेव्हापासून त्याचा कुणावरच विश्वास उरला नाही.

राजमतीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, दोन दिवस अन्न सोडलं, तेव्हा कुठं तो तिला आणि पोराला घेऊन सर्व्हिस मोटारीनं बेळगावला आला. आला तोही डॉक्टरांची लबाडी पकडायच्या तयारीनंच.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. पोराला क्लोरोफॉर्म देऊन सळई घालून बघावं लागेल, असं सांगितलं. बाबगोंडा म्हणाला, "बघा. पर मी इथनं हलणार न्हाय."

दुसरा कुणी डॉक्टर असता तर चिडला असता. देशनूरकरांनी त्याला साबणानं कोपरापर्यंत हात धुवायला लावले आणि टेबलापाशी उभं केलं. मग स्वतःच्या बाह्या वर केल्या, दोन्ही रिकामे हात उलटसुलट करून दाखवले. जत्रेतला जादूगार दाखवतो तसे. मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं. त्यांना वाटलं की नाही, कुणास ठाऊक.

मला उकळत्या पाण्यातून काढून, तेल लावून, हलकेच आत सरकवलं. पोरगा शांत झोपला होता. मी डावीकडे वळले, काही नाही. मागे वळले, तरी काही नाही. बाबगोंडाच्या ओठावर हसू दिसायला लागलं. तेवढ्यात मी खाली टेकले आणि खडा लागला.

टक्.

"ऐकलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुमीच कायतरी वाजवलासा."

डॉक्टरांनी त्याचा हात धरला आणि माझ्या मुठीवर ठेवला. वरून आपला हात ठेवून मला अलगद हलवलं. टक्. पुन्हा, टक्. तंबाखूच्या चिकानं काळी पडलेली ती राकट बोटं होती. आपण या पोराला मारलं होतं, हे त्याला त्याच क्षणी आठवलं असावं, कारण त्यानं दुसऱ्या हातानं पोराच्या केसांवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी ओटीपोटावर चीर देऊन डॉक्टरांनी खडा काढला. चांगला मोठ्या सुपारीएवढा. बाबगोंडानं तो धुऊन घेतला, उजेडात धरला, नखानं खरवडला. असला खडा नदीत नसतो, हे कबूल केलं. पण संशयाला दुसरी वाट सापडली. "मग ह्यो पोटात घातला कुणी?"

डॉक्टरांनी बारीक करवतीनं खड्याचे दोन भाग केले. आत कांद्यासारखे पापुद्रे होते, एकावर एक. ते म्हणाले, "हा एका दिवसाचा नाही, अण्णा. मधला दाणा धरला तेव्हा पोर दीड-दोन वर्षांचं असेल. त्या वेळी हे खात काय होतं?"

राजमती दाराआडून बोलली. जोंधळ्याच्या कण्या, भाकरी. दूध नाही. म्हशी वाटणीत थोरल्यांकडे गेल्या. जाऊबाई रोज तांब्याभर दूध धाडायच्या. पण एकदा पोराला जुलाब लागले, ह्यांना दुधाचा संशय आला, आणि ह्यांनी तांब्या उंबऱ्यावरनं परत फिरवला. तो कायमचाच.

डॉक्टरांनी करवत पुसून ठेवली. मग म्हणाले की खडा नेमका कशानं होतो हे छातीठोक सांगता येत नाही. पण दुधाविना, नुसत्या धान्यावर वाढलेल्या पोरांत आपण तो जास्त पाहिला आहे. एवढं बोलून ते हात धुवायला गेले.

बाबगोंडा खड्याची दोन शकलं मुठीत धरून भिंतीला टेकून बसला. त्या दिवशी तो जेवला नाही.

आठव्या दिवशी पद्मावती आली. राजमतीनंच मोटारवाल्याकडून निरोप धाडला होता. मी खिडकीशी औजारांच्या थाळीत होते, मला व्हरांडा दिसत होता. ती खाटेपासून चार हात लांब उभी राहिली. माणूस आजाऱ्याला भेटायला येतं तेव्हा काहीतरी घेऊन येतं. हिचे हात रिकामे होते.

"मी कायबी आणलं न्हाय, बाबगोंडा," ती म्हणाली. "तुज्या पोराला खायला घालायची मला चोरी."

बाबगोंडा उठला आणि बाहेर निघून गेला. राजमतीचा चेहरा पांढरा पडला. पद्मावतीनं पदर सावरला, ती परत जायलाच वळली होती. तेवढ्यात तो आला. गवळ्याकडून तापवलेलं दूध आणलं होतं, पेला पोळत होता म्हणून धोतराच्या सोग्यात धरलेला. त्यानं तो वहिनीच्या हातात दिला.

"तुमच्या हातानं पाजा, वैनी."

ती खाटेवर बसली. फुंकर मारून मारून तिनं पोराला दूध पाजलं. बाबगोंडा तोंड फिरवून उभा होता, आणि त्याची पाठ हलत होती.

आता सत्तेचाळीस साल आहे. डॉक्टर थकले, दवाखाना त्यांची लेक सांभाळते. माझा मुलामा उडालाय. बेळगावात पोटातला फोटो काढायचं यंत्र आलंय, आणि मी कपाटात पडून असते. खरं सांगते, त्या यंत्राचा मला संशय येतो. गेल्या महिन्यात खानापूरकडची एक आई आपलं पोर घेऊन आली होती. फोटो स्वच्छ होता. तरी ती म्हणत राहिली, बाई, हे अजून रडतंय. डॉक्टरांच्या लेकीनं मला बाहेर काढलं, उकळलं. टक्. काही खडे फोटोत उमटतच नाहीत.

तेव्हा यंत्रावर संशय घ्या, डॉक्टरांवर घ्या, माझ्यासारख्या जुन्या लोखंडावर तर खुशाल घ्या. लघवीला बसून रडणाऱ्या लेकरावर मात्र घेऊ नका. ते खोटं रडत नाही.